किंमत ८,७५० पौंड, पगार आठवड्याला ८: फुटबॉलपटूच्या ‘बदली’मागचं गणित

युरोपात उन्हाळा आला की फुटबॉलपटूंच्या खरेदी-विक्रीचे आकडे आपल्या वर्तमानपत्रांतही झळकू लागतात. २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबने नेमारसाठी बार्सिलोनाला २२.२ कोटी युरो मोजले, तेव्हा ‘नेमारला २२ कोटी युरो मिळाले’ असं म्हणणारे बरेच भेटले. त्यात त्यांची फार चूक नव्हती. आपल्याला सवय आयपीएलची. तिथे लिलावात ज्या आकड्यावर हातोडा पडतो, तो त्या खेळाडूचा पगार असतो. फुटबॉलचं तसं नाही. तिथे बदलीची रक्कम एक क्लब दुसऱ्या क्लबला देतो. खेळाडूचा पगार वेगळ्या करारात ठरतो आणि त्याचा बदलीच्या रकमेशी थेट संबंध नसतो.

आता खेळाडू जर माणूस आहे, तर त्याची ‘किंमत’ दुसऱ्याच कुणाला का मिळावी? आजच्या खेळाडूंकडे बघून हा प्रश्न नीट टोचत नाही, कारण त्यांचे पगारही डोळे पांढरे करणारे असतात. म्हणून शंभर वर्षं मागे जाऊ या, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. ॲलेक्स जेम्स नावाचा एक बुटका स्कॉटिश खेळाडू होता. १९२९ साली आर्सेनलने त्याच्यासाठी प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबला ८,७५० पौंड दिले. आर्सेनलकडून त्याला मिळू शकणारा जास्तीत जास्त पगार होता आठवड्याला ८ पौंड.

पोलादाच्या गावातून

जेम्सचा जन्म १४ सप्टेंबर १९०१ चा, स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशर परगण्यातल्या मॉसेंड गावचा. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने, एवढंच तिथलं जग. शेजारच्या बेल्सहिलमधून ह्यूई गॅलाकर हा त्या पिढीतला अव्वल गोल करणारा निघाला आणि पुढे मँचेस्टर युनायटेड घडवणारे मॅट बझ्बीही त्याच पट्ट्यातले. एवढ्याशा टापूत इतकी गुणवत्ता का, याचं उत्तर रोमँटिक नाही. पोरांना शाळा सुटल्यावर खाण किंवा भट्टी ठरलेली होती. त्यातून बाहेर पडायचा जो एक रस्ता दिसत होता तो फुटबॉलच्या मैदानावरून जात होता आणि त्यावर गर्दी होती.

जेम्सही पोलादाच्या कारखान्यात राबला, मग ग्लासगोच्या ॲशफील्ड संघातून खेळला आणि १९२२ मध्ये रेथ रोव्हर्सकडे व्यावसायिक झाला. तीन वर्षांनी प्रेस्टनने त्याला सुमारे तीन हजार पौंडांना इंग्लंडात नेलं. हा त्या काळचा ठरलेला प्रवाह होता: स्कॉटलंडात खेळाडू तयार व्हायचे, इंग्लंडातले क्लब त्यांना विकत घ्यायचे आणि त्या विक्रीवर छोटे स्कॉटिश क्लब आपलं घर चालवायचे. स्कॉटलंडात पगारावर कमाल मर्यादा नव्हती, पण बहुतेक क्लबांकडे द्यायला पैसाच नव्हता.

दोन नियम, एकमेकांना पूरक

इंग्लंडात पाऊल ठेवल्यावर जेम्स दोन नियमांच्या कात्रीत सापडला. हे दोन समजले की बाकी सगळं उलगडतं.

पहिला नियम नोंदणीचा. लीगमध्ये खेळायचं तर खेळाडूची नोंदणी एखाद्या क्लबच्या नावे असावी लागे, आणि ती त्या क्लबच्या मालकीची असे. करार वर्षाचा. वर्ष संपलं की खेळाडू मोकळा झाला असं तुम्हाला वाटेल, पण इथेच खरी मेख होती. दर वर्षी मोसम संपताना क्लब एक यादी लीगकडे धाडी: यांना ठेवणार, यांना विकायला काढलं आहे, यांना सोडलं. ‘ठेवणार’ या यादीत नाव आलं की करार संपला तरी नोंदणी क्लबकडेच राही. खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर क्लबने पगार देण्याचं बंधन नव्हतं, आणि दुसरा कुठलाही लीग क्लब त्याला घेऊ शकत नव्हता. आपल्याकडे नोकरी सोडताना रिलीव्हिंग लेटरसाठी किती हेलपाटे पडतात हे अनेकांना ठाऊक आहे. समजा ते पत्र देणं कंपनीच्या मर्जीवर असेल, त्याशिवाय त्या क्षेत्रातली कुठलीही कंपनी तुम्हाला दारात उभं करणार नसेल, आणि तुमची कंपनी ते पत्र दुसऱ्या कंपनीला हजारो पौंडांना विकू शकत असेल. ‘बदलीची रक्कम’ म्हणजे त्या पत्राची किंमत.

हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आला होता. १९१२ मध्ये हॅरी किंगाबी नावाच्या खेळाडूने ॲस्टन व्हिला क्लबला कोर्टात खेचलं, पण तो हरला. त्यानंतर पन्नास वर्षं या नियमाला धक्का लावणारा खटला झाला नाही.

दुसरा नियम कमाल पगाराचा. १९०१ मध्ये ही मर्यादा आली, तेव्हा ती आठवड्याला ४ पौंड होती. पहिल्या महायुद्धानंतर ती ९ पर्यंत चढली. १९२२ मध्ये मंदीचं कारण सांगून खाली आणली: मोसमात ८ पौंड, उन्हाळ्यात ६. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत ती तिथेच गोठून राहिली. वर जिंकल्याबद्दल २ पौंड, बरोबरीबद्दल १. नव्या क्लबशी सही करण्याबद्दल अधिकृतपणे १० पौंड. एकाच क्लबमध्ये पाच वर्षं काढली तर ‘बेनिफिट’ म्हणून कमाल ६५० पौंड, तेही क्लबची इच्छा असेल तर.

मोसमाचे ३७ आठवडे आणि उन्हाळ्याचे १५ धरले, तर वर्षाचा कमाल पगार ३८६ पौंड होतो. म्हणजे जेम्सच्या एका विक्रीत प्रेस्टनने जेवढं कमावलं, तेवढं पगारातून मिळवायला जेम्सला २२ वर्षांहून जास्त खेळावं लागलं असतं.

मग तो आर्सेनलला गेलाच कसा?

प्रेस्टन तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होतं. जेम्सने तिथे चार मोसमांत पन्नासहून अधिक गोल केले, पण कुरबुरी वाढत गेल्या. पगाराचा वाद होताच, शिवाय राष्ट्रीय संघाचा. स्कॉटलंडचे सामने शनिवारी, लीगचे सामनेही शनिवारी. खेळाडूला देशासाठी सोडायचं की नाही हे क्लब ठरवणार, आणि प्रेस्टन कुरकुरत असे.

सोडलं तेव्हा काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ३१ मार्च १९२८, वेम्ब्ली, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. स्कॉटलंडच्या पाच फॉरवर्डपैकी एकही पाच फूट सात इंचांच्या वर नव्हता. आदल्या रात्री कर्णधार जिमी मॅकमलनने डावपेच सांगायचे सोडून सगळ्यांना पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलं, असं म्हणतात. पाऊस आला. ओल्या गवतावर इंग्लंडचे धिप्पाड बचावपटू घसरत राहिले आणि ही ठेंगू मंडळी चेंडू जमिनीलगत फिरवत राहिली. निकाल ५–१. ॲलेक्स जॅक्सनचे तीन, जेम्सचे दोन. तो संघ ‘वेम्ब्लीचे जादूगार’ म्हणून अजून ओळखला जातो. इतका मोठा खेळाडू असूनही जेम्स स्कॉटलंडकडून आयुष्यात फक्त ८ सामने खेळला.

१९२९ मध्ये प्रेस्टनने त्याला विकायला काढल्यावर बरेच क्लब पुढे आले. पण पगार तर सगळीकडे कमाल ८ पौंडच. मग खेळाडूने एक क्लब सोडून दुसरा का निवडावा? इथे आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांचं डोकं चाललं. लंडनच्या सेल्फ्रिजेस या प्रसिद्ध दुकानात जेम्सला क्रीडा विभागात वर्षाला २५० पौंडांची नोकरी मिळाली: गिऱ्हाइकांसमोर उभं राहायचं, खेळाचं साहित्य दाखवायचं. शिवाय वर्तमानपत्रातल्या सदरावर नाव, लेखन दुसऱ्याचं. हा पैसा क्लबकडून येत नसल्यामुळे नियम मोडला असं म्हणता येत नव्हतं. लीगला वास आला, चौकशी झाली, काही निघालं नाही. चौकशी करणाऱ्यांना खरं काय ते कळलं नसेल असं मला तरी वाटत नाही. पण कागदावर सगळं स्वच्छ होतं. मर्यादा घातली की पैसा वळसा घालून येतो, आणि तो वळसा लंडनसारख्या शहरातल्या क्लबलाच परवडतो. प्रेस्टनमध्ये सेल्फ्रिजेस नव्हतं.

एका बुटक्यासाठी ८,७५० पौंड कशाला?

यासाठी ऑफसाइडचा नियम बघावा लागेल. घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

१९२५ पर्यंत नियम असा होता: तुमच्याकडे चेंडू पुढे ढकलला जाण्याच्या क्षणी तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू हवेत. त्यातला एक बहुधा गोलकीपर. म्हणजे एखादा बचावपटू दोन पावलं पुढे सरकला तरी फॉरवर्ड ऑफसाइड. बचावपटूंनी ही युक्ती इतकी घोटली की सामने रटाळ झाले आणि प्रेक्षक जांभया देऊ लागले. १९२५ च्या उन्हाळ्यात तीनचे दोन केले. परिणाम लगेच दिसला: इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत आधीच्या मोसमात १,१९२ गोल झाले होते, पुढच्या मोसमात १,७०३.

बचाव उघडा पडला. चॅपमन यांच्या आर्सेनलने त्याच मोसमात न्यूकॅसलकडून ०–७ असा मार खाल्ला. तेव्हा चार्ली बकन या त्यांच्या ज्येष्ठ खेळाडूने आग्रह धरला की मैदानाच्या मध्यावर फिरणाऱ्या सेंटर हाफला मागे खेचून तिसरा बचावपटू करा. ही कल्पना बाकीच्यांनाही सुचत होती, पण चॅपमन यांनी ती तडीस नेली. मात्र सेंटर हाफ मागे गेल्यावर मध्यभाग रिकामा पडला. बचावाने मिळवलेला चेंडू पुढच्या फळीपर्यंत पोचवणार कोण?

त्या जागेसाठी जेम्स. तो ‘इनसाइड फॉरवर्ड’ होता, म्हणजे मधला स्ट्रायकर आणि कडेचा विंगर यांच्या मधल्या जागेचा खेळाडू, ज्याचं काम तोपर्यंत गोल करणं हे होतं. चॅपमन यांनी त्याला खाली ओढलं: गोल तू करू नकोस, करवून घे. आपल्या गोलजवळून चेंडू घ्यायचा, अंगावर येणाऱ्याला झुलवायचं आणि लांब पासने डावीकडे क्लिफ बॅस्टिन किंवा उजवीकडे जो ह्यूमला मोकळ्या जागेत सोडायचं. प्रेस्टनचा हा गोल करणारा हीरो आर्सेनलकडून २६१ सामने खेळला आणि त्यात त्याने जेमतेम २७ गोल केले. त्याच्या पासवर मात्र विंगर बॅस्टिनने १९३२-३३ च्या एका लीग मोसमात ३३ गोल ठोकले.

हा बदल सहज झाला नाही. पहिल्या मोसमात आर्सेनल लीगमध्ये चौदाव्या क्रमांकावर राहिलं आणि एवढे पैसे पाण्यात गेले अशी कुजबुज होती. पण त्याच मोसमाच्या शेवटी, २६ एप्रिल १९३० ला, एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हडर्सफील्डविरुद्ध फ्री किक मिळाली. प्रतिस्पर्धी सावरायच्या आत जेम्सने ती झटकन बॅस्टिनकडे ढकलली, परत घेतली आणि गोल. आर्सेनल २–० ने जिंकलं. (सामना चालू असताना ग्राफ झेपेलिन हे जर्मन हवाई जहाज स्टेडियमवरून तरंगत गेलं, त्याचीच चर्चा पुढे कितीतरी दिवस.) त्यानंतर जेम्सच्या संघाने १९३१, १९३३, १९३४ आणि १९३५ अशा चार लीग आणि १९३६ चा कप जिंकला. तो कप कर्णधार म्हणून जेम्सने उचलला.

तो दिसायचाही गमतीदार. गुडघ्यांखाली लोंबणारी ढगळ चड्डी, केस मधोमध भांग पाडून चापून बसवलेले. व्यंगचित्रकारांचा लाडका. लहान पोरं गल्लीत तशी चड्डी घालून खेळायची.

‘पण आठ पौंड तेव्हा कमी नव्हते’

बरोबर आहे. त्या काळी कुशल कामगाराला आठवड्याला साधारण तीन पौंड मिळत. जेम्सच्या गावी तर पोलादाच्या भट्ट्या थंड पडत होत्या आणि बेकारी वाढली होती. त्या गावातल्या कुणालाही जेम्सची दया आली नसती.

पण तुलना कुणाशी करायची हा प्रश्न आहे. आर्सेनलच्या हायबरी मैदानावर पन्नास-साठ हजार माणसं तिकीट काढून यायची, आणि त्यातले बरेच या माणसाला बघायला. कारागिराची नोकरी चाळीस वर्षं चालते, फुटबॉलपटूची दहा-बारा, तीही गुडघा शाबूत राहिला तर. शिवाय आठ पौंड ही कमाल मर्यादा होती, सगळ्यांना मिळणारा पगार नव्हे. खालच्या श्रेणीत कित्येकांना त्याहून बरंच कमी मिळे आणि यादीत ‘सोडलं’ असं नाव आलं की उन्हाळ्यात तेही बंद.

जेम्स आर्सेनलशीही भांडला. एकदा त्याने नव्या करारावर सही करायला नकार दिला, तेव्हा चॅपमन यांनी ‘तुला समुद्रसफरीला पाठवतो’ असं सांगून बंदरावर नेलं. बोट निघाली मालवाहू, बोर्दोला जाणारी. हा किस्सा इतक्या चवीने सांगितला जातो की त्यात तिखटमीठ किती हे सांगणं कठीण आहे. पण त्याचा शेवट सगळे सारखाच सांगतात: जेम्स परत आला आणि त्याने सही केली.

‘मर्यादा नसती तर श्रीमंत क्लबांनी सगळे खेळाडू पळवले असते’

कमाल पगाराच्या बाजूने हा युक्तिवाद तेव्हाही होता आणि आजही पगारमर्यादेची गोष्ट निघाली की ऐकू येतो. तो पोकळ नाही. छोट्या गावातल्या क्लबला चांगला खेळाडू काही वर्षं तरी टिकवता येत होता आणि विकला तर त्या पैशावर दोन-तीन वर्षं निघत होती. बदलीची रक्कम नसती तर रेथ रोव्हर्ससारख्या क्लबांनी पोरांवर मेहनत का घेतली असती?

पण निकाल बघा. १९३० च्या दशकात इंग्लंडची लीग आर्सेनलने पाच वेळा जिंकली. पगार सगळ्यांना सारखा ठेवला तरी बदलीच्या रकमेवर मर्यादा नव्हती. १९०५ मध्ये एका खेळाडूसाठी पहिल्यांदा १,००० पौंड मोजले गेले तेव्हा गहजब झाला होता. १९२८ मध्ये आर्सेनलने डेव्हिड जॅकसाठी दहा हजारांच्या वर दिले. चढाओढ होतीच, फक्त ती क्लबा-क्लबांत होती आणि खेळाडूला तिच्यातून काही मिळत नव्हतं. १९३० मध्ये न्यूकॅसलने ह्यूई गॅलाकरला दहा हजार पौंडांना चेल्सीला विकलं. त्याच सप्टेंबरात चेल्सी न्यूकॅसलच्या मैदानावर खेळायला आलं तेव्हा त्याला बघायला ६८,३८६ लोक लोटले. त्या मैदानावरचा हा विक्रम अजून मोडलेला नाही. दहा हजार न्यूकॅसलचे, गेटचा गल्लाही बहुतांश न्यूकॅसलचा.

‘पटत नव्हतं तर सोडून जायचं’

एक जण गेला. वेम्ब्लीवर तीन गोल करणारा ॲलेक्स जॅक्सन, देखणा, वेगवान, त्या काळचा सर्वांत ग्लॅमरस विंगर. १९३० मध्ये हडर्सफील्डने त्याला ८,५०० पौंडांना चेल्सीला विकलं. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली, तिथे कमाल पगाराची भानगड नव्हती. चेल्सीतल्या स्कॉटिश खेळाडूंना तिकडून निरोप येऊ लागले. जॅक्सनने जास्त पैसे मागितले, क्लबशी बिनसलं. चेल्सीने त्याची नोंदणी हातात ठेवली.

तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्यानंतर इंग्लंडच्या लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. लीगबाहेरच्या क्लबांना लीगचे नियम लागू नव्हते, म्हणून तो ॲश्टन नॅशनल आणि मार्गेट अशा संघांकडून खेळला, मग फ्रान्समध्ये नीसकडून. पैसे कदाचित बरे मिळाले. पण जो खेळाडू आणखी पाच-सहा वर्षं मोठ्या मैदानांवर धावू शकला असता, तो गावोगावच्या मैदानांवर संपला. बाकीच्यांनी हे पाहिलं आणि निमूटपणे सह्या करत राहिले. जेम्सने सेल्फ्रिजेसचा वळसा घेतला, जॅक्सनने समोरून टक्कर दिली. दोघांच्या कारकिर्दीतला फरक प्रतिभेचा नव्हता.

नियम गेले, पण केव्हा

जेम्स १९३७ मध्ये निवृत्त झाला. १९३९ च्या उन्हाळ्यात पोलंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला काही आठवडे शिकवायला बोलावलं. २७ ऑगस्टला वॉर्सात पोलंडने बलाढ्य हंगेरीला ४–२ ने हरवलं आणि पाच दिवसांनी जर्मन फौजा सीमा ओलांडून आत आल्या. युद्धात जेम्स तोफखान्यात होता. नंतर आर्सेनलने त्याला कनिष्ठ संघाच्या पोरांना शिकवायला ठेवलं. १ जून १९५३ ला, एक्कावन्नाव्या वर्षी, तो कर्करोगाने गेला.

कमाल पगार १९६१ च्या जानेवारीत रद्द झाला. खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची धमकी दिली तेव्हा. त्या वेळी मर्यादा होती २० पौंड. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम विरुद्ध न्यूकॅसल या खटल्यात लंडनच्या हायकोर्टाने करार संपल्यावरही खेळाडूला अडवून ठेवण्याची पद्धत बेकायदा ठरवली. तरी करार संपलेल्या खेळाडूसाठी बदलीची रक्कम मागणं चालूच राहिलं. त्याचा निकाल लागायला १९९५ उजाडलं: बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमन या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात जाताना करार संपलेला खेळाडू मोकळा, त्याच्यासाठी जुन्या क्लबला एक पैसाही मागता येणार नाही.

त्यामुळे आज बदलीची रक्कम म्हणजे शिल्लक करार मोडण्याची भरपाई आहे. कराराची चार वर्षं बाकी असतील तर क्लब तोंडाला येईल ती किंमत सांगतो. सहा महिने उरले की खेळाडू परदेशी क्लबशी पुढच्या मोसमाची बोलणी उघडपणे करू शकतो, आणि जुना क्लब मिळेल त्या भावात विकायला तयार होतो. मेस्सी २०२१ मध्ये बार्सिलोनातून पॅरिसला गेला तेव्हा बदलीची रक्कम होती शून्य, कारण त्याचा करार संपला होता. अशा वेळी वाचलेल्या पैशातला मोठा वाटा खेळाडू सहीची बक्षिसी म्हणून स्वतःकडे वळवतो. जेम्सला त्या सहीचे दहा पौंड मिळत होते.